'हॅव' म्हणजे फक्त 'जवळ असणे' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात. उन्हामुळे आपल्याकडची सुट्टी बाकी महाराष्ट्रापेक्षा थोडी लांबते. या मोकळ्या दिवसांत इंग्रजीच्या शिक्षकांनी आणि घरी मुलांचा अभ्यास घेणाऱ्या आईवडिलांनी एका क्रियापदाकडे नीट बघावे, म्हणून हे पत्र. ते क्रियापद म्हणजे 'हॅव'. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत मूल हा शब्द दहा वर्षे वाचते आणि लिहिते. तरी उत्तरपत्रिकेत, रजेच्या अर्जात आणि पुढे मिहान या नागपूरजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या नोकरीच्या मुलाखतीत ते याच शब्दापाशी अडखळते. मुलाचा यात दोष नाही. सुरुवातीलाच वहीत 'हॅव = जवळ असणे' अशी ओळ उतरवून दिली जाते आणि पुढच्या इयत्तांत ती कोणी खोडत नाही.

मराठीत 'हॅव'च्या तोडीचे एकच एक क्रियापद नाही. नाते कसले आहे त्याप्रमाणे आपण वाक्य फिरवतो. 'माझ्याकडे पेन आहे', 'मला एक भाऊ आहे', 'आमचं नागपूरच्या महाल भागात घर आहे', 'खोलीला तीन खिडक्या आहेत', 'आठवड्यात सात दिवस असतात', 'तिचे डोळे घारे आहेत'. इंग्रजीत ही सहाही वाक्ये 'हॅव'ने होतात. 'जवळ असणे' पाठ केलेल्या मुलाला पहिले वाक्य जमते. दुसऱ्यापाशी ते थबकते, कारण भाऊ पुण्याला असतो, जवळ नसतो. मग 'माय वन ब्रदर इज' असे काहीतरी कागदावर येते. खोलीच्या वाक्यात तर खोलीजवळ खिडक्या कशा असतील, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून ही सहा वाक्ये पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एकाखाली एक लिहावीत आणि प्रत्येकासमोर 'हॅव'चे वाक्य लिहावे. मराठीतली 'कडे', 'ला', 'चा-ची-चे' आणि 'त' ही चारही रूपे एकाच इंग्रजी शब्दात जातात, हे मुलाला डोळ्यांनी दिसले पाहिजे.

याच वाक्यांत आणखी एक चूक दडलेली आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. 'रामला तीन बहिणी आहेत' या वाक्यात 'आहेत' हे अनेकवचन बहिणींमुळे आले. मराठीत क्रियापद जुळते ते असलेल्या वस्तूशी, इंग्रजीत मात्र ज्याच्याकडे ती आहे त्याच्याशी. त्यामुळे मराठी कानाचे मूल तीन बहिणी बघून 'राम हॅव थ्री सिस्टर्स' लिहिते आणि 'माझ्या आईवडिलांना एक मुलगा आहे' याचे 'माय पेरेंट्स हॅज वन सन' करते. शिक्षक लाल रेघ ओढून 'ही, शी, इट आलं की हॅज' हा नियम पुन्हा म्हणायला लावतात. तो नियम मुलाला झोपेतही येतो. तो कोणत्या शब्दाला लावायचा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. उपाय सोपा आहे. मराठी वाक्याला 'कुणाला?' किंवा 'कुणाकडे?' असा प्रश्न विचारायचा आणि उत्तरावर बोट ठेवायचे. 'हॅव' की 'हॅज' ते त्या बोटाखालच्या शब्दावरून ठरते, पुढच्या वस्तूंकडे बघायचेच नाही.

'डू, डज, डिड', 'विल, कॅन, मस्ट' आणि 'टू' यांच्यामागून मात्र नेहमी 'हॅव'च येते, कर्ता कोणीही असो. 'डज ही हॅज अ सायकल' आणि 'ही मस्ट हॅज गॉन' या दोन चुका अगदी पदवीच्या वर्गापर्यंत टिकून राहतात.

आता मुद्द्याचे सांगतो. 'हॅव'चा अर्थ त्या शब्दात शोधून सापडत नाही, तो त्याच्या उजवीकडे असतो. पुढे नुसते नाम आले तर असणे, घेणे, खाणे. पुढे क्रियापदाचे तिसरे रूप ('गो, वेंट, गॉन'मधले 'गॉन') आले तर काम होऊन गेलेले. पुढे 'टू' आणि मूळ क्रियापद आले तर करावे लागणे. आधी नाम आणि मग क्रियापद आले तर दुसऱ्याकडून करवून घेणे. मुलाने वाक्य वाचताना पेन्सिल 'हॅव'च्या उजवीकडे सरकवायची आणि मगच अर्थ सांगायचा, एवढी सवय लागली तरी निम्मे काम झाले.

नुसत्या नामाच्या वाक्यातली आपल्याकडची सर्वांत मोठी चूक म्हणजे 'हॅविंग'. 'आय ॲम हॅविंग वन ब्रदर', 'आय ॲम हॅविंग फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स', 'आय ॲम हॅविंग फीवर'. तिन्ही चूक. पण 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर. पुस्तकात स्थितिवाचक आणि क्रियावाचक असा भेद दिलेला असतो आणि मुलांच्या तो डोक्यावरून जातो. नागपूरच्या मुलाजवळ मात्र याची चाचणी जन्मापासून आहे. आपल्या बोलीत 'मी जेवतो आहे'ला 'मी जेवून राहिलो' म्हणतात, 'मले एक भाऊ असून राहिला' असे कोणी म्हणत नाही. जिथे मराठी वाक्यात 'असणे' आहे तिथे 'राहिलो' बसत नाही आणि तिथे 'हॅविंग'ही बसत नाही. जेवण, चहा, आंघोळ, बैठक, मजा यांत काहीतरी करणे आहे, म्हणून तिथे 'हॅविंग' चालते. फक्त तापाच्या वाक्याला जपावे. 'मले ताप येऊन राहिला' आपण म्हणतो खरे, पण तिथले क्रियापद 'येणे' आहे. रजेच्या अर्जात 'आय हॅव अ फीवर' हेच लिहावे. बोली म्हणून जिची शाळेत चेष्टा होते ती 'करून राहिलो'ची रचना इंग्रजीच्या तासाला इतकी नेमकी उपयोगी पडते. शिक्षकांनी ती फळ्यावर बिनदिक्कत लिहावी.

प्रश्न करताना दोन वेगळे 'हॅव' ओळखावे लागतात. नाम पुढे असलेले मुख्य क्रियापद आहे, त्याला 'डू'ची मदत लागते: 'डू यू हॅव अ पेन?' तिसरे रूप पुढे असलेले सहायक आहे, ते स्वतःच पुढे येते: 'हॅव यू ईटन?' या दोघांची सरमिसळ झाली की 'डू यू हॅव ईटन' तयार होते. जुन्या पुस्तकांत 'हॅव यू अ पेन?' छापलेले दिसेल. ते चूक नाही, पण आज जुनाट वाटते. इंग्लंडमध्ये बोलताना 'हॅव यू गॉट अ पेन?' सर्रास म्हणतात. त्यातल्या 'गॉट'मुळे 'मिळाले' असा अर्थ करू नये, तेही नुसते 'आहे'च. 'डू यू हॅव गॉट' मात्र कुठेच चालत नाही.

तिसऱ्या रूपाचे प्रकरण जरा सावकाश घ्यायला हवे. 'मी जेवलो आहे' यात 'आहे' दिसते म्हणून मूल 'आय ॲम ईटन' लिहिते. त्याचा अर्थ 'मी खाल्ला जातो' असा होतो. गंमत अशी, की जुन्या इंग्रजीत येण्याजाण्याच्या क्रियापदांना आपल्यासारखेच 'इज' लावत असत आणि 'ही इज गॉन' आजही ऐकू येते. बाकी सगळीकडे 'हॅव'ने जागा घेतली. मूळ रचना 'माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे' अशा धाटणीची होती, त्यातून 'मी पत्र लिहिले आहे' हा अर्थ निघाला. हे सांगितले की मोठ्या मुलांना इथे 'हॅव' का, हे पटते.

पटले तरी काळाची गफलत उरतेच. 'काल', 'मागच्या सोमवारी', '२०१५ मध्ये' असा नेमका संपलेला काळ वाक्यात असेल तर 'हॅव' अधिक तिसरे रूप चालत नाही. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' चूक, 'आय सॉ हिम येस्टरडे' बरोबर. मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' सहज म्हणता येते, म्हणून ही चूक होते. याच्या उलट बाजूला 'मी दहा वर्षांपासून नागपुरात राहतो' हे वाक्य आहे. मराठीत साधा वर्तमानकाळ पुरतो आणि मूल 'आय ॲम लिव्हिंग इन नागपूर सिन्स टेन इयर्स' लिहिते. यात दोन चुका आहेत. तेव्हापासून आतापर्यंत चाललेल्या गोष्टीला 'हॅव' लागते आणि कालावधीला 'सिन्स' लागत नाही, 'फॉर' लागते: 'आय हॅव लिव्ह्ड इन नागपूर फॉर टेन इयर्स'. 'सिन्स'नंतर सुरुवातीचा बिंदू हवा, जसे '२०१५', 'मंडे', 'चाइल्डहूड'. मराठीत दोन्हींना 'पासून'च लागत असल्याने हा फरक घोटून घ्यावा लागतो.

'हॅड'ची अडचण याहून खोल आहे. 'काल मी रामटेकला गेलो होतो' हे शुद्ध मराठी आहे. या 'होतो'मध्ये गेलो आणि परतही आलो, असे दोन्ही आहे. त्याचे थेट 'येस्टरडे आय हॅड गॉन टू रामटेक' केले की इंग्रजी वाचणारा पुढे काय झाले याची वाट बघत बसतो, कारण त्याच्या भाषेत 'हॅड गॉन' म्हणजे भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी. एकटेच वाक्य असेल तर 'आय वेंट टू रामटेक येस्टरडे' पुरे. 'मी स्टेशनवर पोहोचलो तोवर विदर्भ एक्सप्रेस सुटली होती' इथे मात्र दोन घटना आहेत आणि सुटणे आधीचे आहे, म्हणून 'द ट्रेन हॅड लेफ्ट'. दोन घटना मोजल्याशिवाय 'हॅड' अधिक तिसरे रूप लिहायचे नाही, असा नियमच वर्गात करावा. आणि 'शी हॅड हॅड लंच' असे दोनदा आलेले 'हॅड' दिसले तर ती छपाईची चूक समजू नये. पहिला सहायक आहे आणि दुसरा जेवणाचा.

'हॅव टू' शिकवणे विदर्भात सर्वांत सोपे जावे. 'मले जा लागते', 'करा लागते' यातले 'लागते' म्हणजेच 'हॅव टू'. भूतकाळात 'जावं लागलं' म्हणजे 'हॅड टू गो', भविष्यात 'जावं लागेल' म्हणजे 'विल हॅव टू गो'. 'मस्ट'ला या अर्थाचे वेगळे भूतकाळी रूप नाही, म्हणून 'काल जावं लागलं'ला 'हॅड टू'शिवाय पर्याय नसतो. उच्चारही बदलतो, तो शिकवलाच पाहिजे. इथे 'हॅव' न म्हणता 'हॅफ टू' आणि 'हॅज'ऐवजी 'हॅस टू' म्हणतात. मुलाने हे कधी ऐकलेलेच नसेल तर ऐकण्याच्या चाचणीत त्याला ते कळणार कसे?

नकारात धोका आहे. 'यू डोन्ट हॅव टू ईट' म्हणजे खाण्याची सक्ती नाही, हवे तर खा. 'यू मस्ट नॉट ईट' म्हणजे खायचे नाही. रक्ततपासणीआधी उपाशी राहायला सांगताना पहिले वाक्य लिहिले तर रुग्ण नाश्ता करून येईल आणि तपासणी वाया जाईल. फाटकावर 'यू डोन्ट हॅव टू पार्क हिअर' लिहिणाऱ्याला 'येथे वाहन लावू नये' म्हणायचे असते. वाचणाऱ्याला कळते, लावलेच पाहिजे असे नाही, लावले तरी चालेल.

करवून घेण्याची रचना आपल्या पाठ्यक्रमात उशिरा येते आणि घाईत उरकली जाते. 'मी काल केस कापले' असे आपण म्हणतो, कात्री न्हाव्याच्या हातात असली तरी. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटले की आरशासमोर उभे राहून स्वतःच कापले असा अर्थ होतो. न्हाव्याकडून कापून घेतले तर 'आय हॅड माय हेअर कट'. शब्दांची जागा थोडी हलली की अर्थ पालटतो: 'आय हॅड कट माय हेअर' म्हणजे मी आधीच, स्वतः, कापले होते. तिसरे रूप 'हॅड'ला चिकटून आले तर काम कर्त्याने केले, मध्ये वस्तू आली तर काम दुसऱ्याने केले. ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून मुलांना पाच मिनिटे बघू द्यावीत. नंतर सीताबर्डीवर शिवून घेतलेला ब्लाउज, दुरुस्त करून घेतलेला मोबाइल, भरून घेतलेला दात अशी उदाहरणे त्यांच्याकडूनच घ्यावीत.

वस्तूऐवजी माणूस मध्ये आला तर पुढचे क्रियापद मूळ रूपात ठेवायचे: 'आय हॅड द इलेक्ट्रिशियन चेक द मीटर'. इथे 'टू' घालायचे नाही. 'गेट' वापरले तर मात्र 'टू' लागते. आणि या साच्याचा एक दुखरा उपयोग आहे, तोही दाखवावा. 'शी हॅड हर फोन स्टोलन' याचा अर्थ तिने फोन चोरून घेतला असा नाही, तिचा फोन चोरीला गेला. रचना तीच आहे. मुद्दाम करवले की अंगावर आले, हे संदर्भावरून कळते.

'मस्ट, मे, शुड, वुड' यांच्यामागे 'हॅव' आणि तिसरे रूप आले की मराठीत नेमके जुळणारे शब्द तयार मिळतात: गेला असणार, गेला असेल, जायला हवं होतं, गेला असता. शेवटच्या दोन्हींत तो प्रत्यक्षात गेला नाही, हे आवर्जून सांगावे. बोलताना हे 'हॅव' इतके आक्रसते की नुसता 'अव्' उरतो. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही 'शुड ऑफ' असे चुकीचे लिहितात. आपल्या मुलांनी ते नेटवरून उचलू नये. 'यू हॅड बेटर गो' हे आणखी एक फसवे वाक्य. 'हॅड' असूनही ते भूतकाळाचे नाही, मध्ये 'टू' येत नाही आणि सल्ल्यात थोडी ताकीद असते, 'गेलेलं बरं, नाहीतर बघ' अशी.

वाक्प्रचार शेवटी घ्यावेत आणि थोडेच. 'हॅव अ वर्ड' म्हणजे दोन शब्द बोलणे, 'हॅव वर्ड्स' म्हणजे वाजणे, भांडण होणे. साहेबांना मेल लिहिताना एवढा फरक ठाऊक हवा. 'लेट हिम हॅव इट' याचे तर दोन टोकाचे अर्थ होतात: ते त्याला देऊन टाक, किंवा हाण त्याला. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये २ नोव्हेंबर १९५२ रोजी चोरीच्या प्रयत्नात एका पोलिसाचा गोळी लागून मृत्यू झाला. डेरेक बेंटली या १९ वर्षांच्या तरुणाने साथीदाराला उद्देशून हेच शब्द उच्चारले, असे पोलिसांनी साक्षीत सांगितले. दोघांनीही ते नाकारले. बोलला असलाच तर बंदूक देऊन टाक असे बोलला की गोळी घाल असे, हा वाद तेव्हापासून चालला. गोळी झाडणारा साथीदार १६ वर्षांचा असल्याने त्याला फाशी देता येत नव्हती. बेंटलीला २८ जानेवारी १९५३ रोजी फाशी दिली गेली आणि १९९८ मध्ये अपील न्यायालयाने त्याची दोषसिद्धी रद्द केली. खटल्यात बाकी मुद्देही होते, पण 'हॅव'चे वाक्य शब्दशः उचलून चालत नाही, हे वकिलीकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलांना याहून चांगले कशाने कळेल?

प्रत्यक्ष शिकवताना ४० पानी वही पुरते. एका पानावर एकच साचा आणि त्याची दहा वाक्ये: सहा होकारार्थी, दोन नकारार्थी, दोन प्रश्न. वाक्ये मुलाच्या घरातली आणि गल्लीतली असावीत, गाइडातली नकोत. क्रम असा ठेवावा: आधी नाम, मग 'डू'चे प्रश्न, मग 'हॅव टू', मग तिसरे रूप, मग 'हॅड', आणि करवून घेणे आठवीनंतरच. एक साचा पक्का होईपर्यंत दुसरा उघडू नये. गाइडांत सगळे साचे एकाच पानावर कोंबलेले असतात आणि मूल ते तक्ते पाठ करून परीक्षेनंतर विसरते. पाच साचे झाले की इंग्रजी वृत्तपत्रातली एखादी बातमी द्यावी. मुलाने तिच्यातले सगळे 'हॅव, हॅज, हॅड' अधोरेखित करून प्रत्येकावर साच्याचा क्रमांक घालावा. 'ही'ज'सारखी संक्षिप्त रूपे त्यात जरूर असू द्यावीत. तो 'इज' आहे की 'हॅज', हेही पुढच्याच शब्दावरून ठरते: 'ही'ज अ डॉक्टर' मध्ये 'इज', 'ही'ज गॉट अ कार' मध्ये 'हॅज'.

वही तपासताना नुसती लाल रेघ मारू नये. साच्याचा क्रमांक समासात लिहावा आणि दुरुस्ती मुलालाच करू द्यावी. घरी शब्दकोश असेल तर विद्यार्थ्यांसाठी काढलेला, वाक्ये दिलेला इंग्रजी-इंग्रजी घ्यावा. त्यात सहायक 'हॅव' आणि मुख्य 'हॅव' बहुधा वेगवेगळे मांडलेले असतात. अर्थाच्या ओळीआधी उदाहरणाची वाक्ये वाचायला लावावीत.

आपला,
एक इंग्रजी शिक्षक,
महाल, नागपूर